बासष्ट पायऱ्यांची पाखाडी: गरोदरपणातलं कमरेचं दुखणं आणि गोळीशिवायचे उपाय (एक प्रकरण)

हे प्रकरण लिहायला त्या कुटुंबाची परवानगी आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. वाडीत सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. वयाने ती माझ्या लेकीएवढी आहे, म्हणून लिहिताना एकेरीच येतं.

पार्श्वभूमी

मी देवगड तालुक्यात फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. जूनच्या मध्यावर, पाऊस लागून आठवडा झाला असेल, वहिनी नवऱ्यासोबत आली. वय २७, दुसरं गरोदरपण, बाविसावा आठवडा. पहिली मुलगी चार वर्षांची. नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून तो घरी होता. घरात सासूबाई आणि चुलत सासरे. घर खाडीच्या वरच्या अंगाला, आणि रस्त्यावरून घरापर्यंत चिऱ्याच्या बासष्ट पायऱ्यांची पाखाडी. हा आकडा पहिल्या भेटीत मला माहीत नव्हता. तो मी विचारलाच नव्हता, ही या प्रकरणातली माझी पहिली चूक.

दुखणं सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. पहिल्या खेपेलाही शेवटच्या दोन महिन्यांत थोडं दुखलं होतं, पण या वेळी पाचव्या महिन्यातच रात्रीची झोप गेली. ती म्हणाली, "मॅडम, रातीक कुशीर वळूक गेलंय काय असा वाटता, कोणी तरी हाडात कोयतो घातल्यान."

सासूबाईंचं म्हणणं घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं: "आमका काय पोरां झाली नाय? कंबर दुखताच. सोसूक होया." त्या वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतः चार बाळंतपणं अशीच काढली, लावणीच्या चिखलात उभ्या राहून. त्यांना कोणी विचारलं नाही, तर सुनेला विचारायचं असतं हे त्यांना कुठून सुचणार?

नेमकं काय दुखत होतं

'कंबर दुखते' या दोन शब्दांत आपल्याकडच्या बायका दहा वेगवेगळी दुखणी सांगतात. म्हणून मी तिला एका बोटाने जागा दाखवायला सांगितली. बोट कमरेवर गेलंच नाही. ते गेलं पाठीच्या तळाशी, जिथे दोन्ही बाजूंना खळी पडते तिथे, डावीकडे. मग तिने थोडं लाजत पुढे, ओटीपोटाच्या खाली मधल्या हाडावर हात ठेवला.

ओटीपोटाची हाडं म्हणजे एक कडं आहे. मागे दोन सांधे, पुढे एक. गरोदरपणात या सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचं वजन पुढे येतं, चालण्याची ढब बदलते, आणि एका पायावर भार आला की ते कडं थोडं पिळतं. जिना चढणं, कूस बदलणं, उभ्याने परकर घालणं, मूल कडेवर घेणं ही सगळी एका पायावर भार देणारी कामं. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना कमरेचं किंवा या सांध्यांचं दुखणं होतं. फक्त या सांध्यांचं म्हटलं तर साधारण पाचात एकीला. बाळाला त्याने अपाय होत नाही, पण आईचं जगणं अवघड होतं.

तपासताना एक क्षण असा आला की घरच्यांचा सूरच बदलला. मी वहिनीला थोडा वेळ उताणी झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायला सांगितला. पाय उचलला, पण दात-ओठ खाऊन, जणू पायाला दगड बांधलाय. मग मी तिच्या ओटीपोटाच्या हाडांना दोन्ही बाजूंनी तळव्यांनी दाबून धरलं आणि म्हटलं, आता उचल. पाय सहज वर आला. नवरा दाराशी उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "परत करा बघू." मी परत केलं. तोपर्यंत त्याला हे 'बायकांचं काहीतरी' वाटत होतं. आता त्याला डोळ्यांनी दिसलं की काहीतरी सैल आहे आणि बाहेरून आधार दिला की फरक पडतो. बोटीवरचा माणूस. सैल दोर आणि ताणलेला दोर यातला फरक त्याला मी शिकवायची गरज नव्हती.

त्याआधी दुसरं काही गंभीर नाही ना, ते विचारून-पाहून घेतलं होतं. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, अंगावरून पाणी किंवा रक्त नाही, पोट ठरावीक अंतराने कडक होत नाही, बाळाची हालचाल जाणवते, पायात बधिरपणा नाही, लघवी-शौचावरचा ताबा गेलेला नाही, एकाच पोटरीला सूज नाही, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी नाही. यातलं काहीही असतं तर मी व्यायाम शिकवत बसले नसते, तिला तशीच रुग्णालयात पाठवलं असतं.

गोळ्यांचं पाकीट

निघताना नवऱ्याने खिशातून एक पाकीट काढलं. बाजारातल्या एका दुकानातून 'अंगदुखीची' म्हणून आणलेलं. डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. दहापैकी नऊ संपल्या होत्या, तीन आठवड्यांत. सासूबाईंना माहीत नव्हतं. वहिनी घाबरून माझ्याकडे बघत होती, म्हणून आधी मी तिला सांगितलं की विचारलंस ते बरं झालं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही एकाच कुळातली औषधं. विसाव्या आठवड्यानंतर ती घेतली तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हा इशारा दिला. तिसाव्या आठवड्यापुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याची भीती तर आधीपासूनच माहीत होती. घरात त्याच औषधाची लावायची ट्यूबही होती. ती त्वचेतून आत जाते, म्हणून तीही बंद. मात्र रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी स्वतः दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी या यादीत येत नाही, आणि ती मनाने कोणी थांबवू नये. वहिनीला ती चालू नव्हती, पण हा घोळ मी दोनदा पाहिला आहे.

तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भजल व्यवस्थित होतं. डॉक्टरांनी सांगितलं, "अगदीच असह्य झालं तर साधी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, आणि दोन-तीन दिवसांवर लागली तर मला दाखव."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. 'गोळी नको' म्हणजे सोसत राहणं, असा अर्थ आपल्याकडे पटकन लावला जातो. वहिनीनेही तेच केलं होतं. आधी सोसलं, मग सहन झालं नाही तेव्हा चोरून घेतलं, आणि चोरून घेतलं म्हणून चुकीचं घेतलं. उघडपणे विचारता आलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं असतं की ही नको, ती चालेल.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय माहेरी जाऊन पूर्ण विश्रांती. सासूबाईंनाही हा मान्य होता, कारण त्यात इकडचं काही बदलावं लागत नव्हतं. पण सतत अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय माहेर कुडाळच्या पुढे, तिथवरचा रस्ता, आणि मुलीची बालवाडी. तो बेत सोडला.

दुसरा, माझ्याकडे आठवड्यातून तीनदा येऊन उपचार. मशीनचा शेक, विजेच्या सौम्य प्रवाहाचं यंत्र, हाताने सांधे मोकळे करणं. यात माझं उत्पन्नही होतं, तेही प्रामाणिकपणे सांगते. पण माझ्यापर्यंत चौदा किलोमीटर, तेही पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून. पहिल्या दिवशी ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसून आली होती, आणि उतरल्यावर दहा मिनिटं तिला पाऊल टाकता येईना. जो प्रवास दुखणं वाढवतो त्याच्या टोकाला उपचार ठेवण्यात अर्थ नव्हता. चारच भेटी ठरवल्या. बाकी व्हिडिओ कॉलवर आणि आशाताईंच्या मदतीने.

तिसरा, कमरेचा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींमध्ये गरोदरपणातल्या कमरेच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्यासाठी नियमित व्यायाम सांगितला आहे, आणि जोडीला फिजिओथेरपी, आधाराचा पट्टा, ॲक्युपंक्चर असे पर्याय दिले आहेत. ॲक्युपंक्चर आमच्याकडे नाही. पट्टा घेतला, कारण पाय उचलण्याच्या तपासणीत त्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसला होता.

चौथा, घरचे उपाय. सासूबाईंनी निगडीच्या (निर्गुंडीच्या) पाल्याचा शेक, कापूर घातलेलं तेल, आणि शेजारच्या गावातल्या एका म्हातारीकडून पोट 'बसवून' घेणं सुचवलं. पाल्याची गरम पुरचुंडी पाठीला चालेल म्हटलं, काढा पोटात नको. तेल खोबरेलच, कापूर न घालता, कारण कापूर त्वचेतून शोषला जातो आणि वारेतून (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत पोचतो. पोट चोळण्या-दाबण्याला मात्र स्वच्छ नाही सांगितलं. वार सुटणं, रक्तस्राव, असे धोके त्यात आहेत. तीनपैकी दोन गोष्टी मी ठेवल्या म्हणून तिसऱ्या नकारावर सासूबाई रुसल्या नाहीत, असं मला वाटतं.

पहिले दोन आठवडे वाया गेले

पहिल्या भेटीत मी तिला आठ व्यायामांचा छापील कागद दिला होता. दोन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा कागदाची घडीही मोडलेली नव्हती. दुखणं दहापैकी आठ होतं ते आठच. वहिनी आळशी नाही. पहाटे पाचला उठून रात्री दहाला आडवी होणाऱ्या बाईला मी आठ कामं वाढवून दिली होती.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, सकाळी डोळे उघडल्यापासून सांग. तासभर गेला, आणि पाखाडी तेव्हा कळली. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही खालच्या सार्वजनिक नळावर, तिथून भरलेली कळशी डाव्या कडेवर. मुलगी झोपेतून उठली की तीही डाव्याच कडेवर. आडाळीवर बसून रोज एक नारळ खवणं, एक गुडघा उभा आणि अंग एका बाजूला पिळलेलं. दगडावर कपडे आपटणं. बैठा संडास, आणि त्यातून उठताना भिंतीला धरून दोन मिनिटं उभं राहणं. हे शेवटचं तिने मी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, नवऱ्याला बाहेर पाठवून.

दिवस कसा बदलला

पाणी आधी. नवरा म्हणाला, "पाणी मी हाडतंय," आणि समुद्रावर परत जाईपर्यंत त्याने ते आणलं. मूल कडेवर घेणं बंद. वहिनीने खाली बसायचं आणि मुलीने चढून मांडीत यायचं. पहिले चार दिवस पोर रडली, मग तिला तो खेळ वाटायला लागला. आडाळी जमिनीवरून उचलून नवऱ्याने मागीलदारच्या जुन्या बाकाला खिळ्यांनी घट्ट बसवली, म्हणजे खुर्चीवर दोन्ही पाय टेकवून बसता येईल. बैठ्या संडासावर ठेवायची भोक असलेली खुर्ची तालुक्याच्या बाजारातून आणली.

पाखाडी टाळता येत नव्हती. म्हणून चढ-उतार दिवसातून एकदाच, आणि एका वेळी एकच पायरी. चढताना आधी चांगला पाय वर, मग दुखरा त्याच पायरीवर. उतरताना आधी दुखरा खाली. पंधराव्या आणि पस्तिसाव्या पायरीला टेकायची जागा आहे, तिथे थांबायचंच.

रात्रीसाठी दोन गोष्टी. कुशीवर झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये गुंडाळलेली वाकळ. आणि कूस बदलताना दोन्ही गुडघे घट्ट चिकटवून, खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोळावा तसं वळायचं. कोयता घातल्यासारखी कळ यायची ती गुडघे सुटे राहिल्याने. हे तिला मी चटईवर सात-आठ वेळा करून घ्यायला लावलं, आणि आठव्या वेळी ती हसली. अठ्ठाविसाव्या आठवड्यापुढे उताणं झोपू नये, कुशीवरच झोपावं, हेही तेव्हाच सांगितलं. साडी-परकर बसून घालायचा, एका पायावर उभं राहून नाही.

व्यायाम तीनच ठेवले, आणि ते कामालाच बांधले. चुलीवर पेज शिजेपर्यंत भिंतीला पाठ लावून कंबर भिंतीकडे दाबायची, दहा वेळा. संध्याकाळी बाकावर बसली की गुडघ्यांत उशी धरून श्वास सोडताना दाबायची. आणि मुलीला गोष्ट सांगताना लघवी धरून ठेवल्यासारखे खालचे स्नायू वर ओढून पाच आकडे धरायचे. हे प्रत्यक्ष लघवी करताना करायचं नाही, हे मी प्रत्येकीला सांगते, कारण निम्म्या जणी तसंच करतात.

पट्ट्याची गंमत झाली नाही, घोटाळा झाला. तिने तो पोटावर बांधला, पोट उचलून धरण्यासाठी, आणि सासूबाई घाबरल्या की बाळ दबेल. त्या बरोबरच होत्या. हा पट्टा पोटाखाली, मांडीचं हाड जिथे बाहेरून हाताला लागतं त्या पातळीवर, ओटीपोटाच्या कड्याभोवती बांधायचा. कामाच्या दोन-तीन तासांपुरता, झोपताना काढायचा. फोनवर सांगून ते समजलं नाही. आशाताई घरी गेल्या, सासूबाईंच्याच कमरेला आधी बांधून दाखवला, तेव्हा समजलं.

शेक गरम पाण्याच्या पिशवीचा, टॉवेलात गुंडाळून, पाठीलाच, दहा-पंधरा मिनिटं. कढत पाण्याने तासभर आंघोळ नको, अंग फार तापू देऊ नये.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुखणं आठावरून पाचावर आलं. रात्रीच्या जागा दहा-बारावरून तीनवर. मला आकड्यांपेक्षा दुसरी खूण महत्त्वाची वाटली: ९ तारखेच्या तपासणी शिबिराला ती स्वतः पाखाडी उतरून रिक्षाने गेली.

जुलैतला ताप

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण इथे आला, आणि तो माझ्या हातून निसटत होता.

सव्विसाव्या आठवड्यात तिचा फोन आला. दोन्ही पोटऱ्या खूप दुखतात, अंगात कसर आहे. मी म्हटलं, कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घेतेस ना, लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नकोस, पाणी पी, पोटऱ्या ताणायचा व्यायाम कर. गरोदरपणात पोटऱ्यांत गोळे येतात, खरं आहे. दुखणं म्हटलं की सांधे आणि स्नायू, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं.

आशाताईंनी संध्याकाळी तिला पाहिलं आणि मला फोन केला. "मॅडम, लावणीचे दिवस आसत. रगत तपासूकच होया." वहिनी लावणीला गेली नव्हती, पण दोन दिवस मळ्यात जेवण पोचवायला चिखलातून गेली होती, टाचांना भेगा असताना. सिंधुदुर्गात पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र आलं की आधी लेप्टोस्पायरोसिसचा विचार करायचा असतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेच्या भेगांतून हा जंतू शिरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते त्या फोनवर आठवलं नाही.

रात्रीच तिला रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता संशयावरच, गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक सुरू केलं. शेतकऱ्यांना जी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली जाते ती गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून घरात कोणाची शिल्लक असली तरी तिने घ्यायची नाही, हे त्यांनी नवऱ्याला बजावलं. तापासाठी पॅरासिटामॉल दिली, आणि ती घ्यायला वहिनी तयार नव्हती: "मॅडमनी गोळयो बंद केल्यानी." चढलेला ताप तसाच ठेवणं बाळाला जास्त वाईट, हे तिला समजवावं लागलं. ते माझ्या बोलण्याचं फळ होतं. मी 'गोळी नको' एवढं ठासून सांगितलं होतं, 'कोणती, कशासाठी, कधी' हे तेवढ्या जोरात सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती घरी आली.

ऑगस्ट, आणि मग गणपती

१ ऑगस्टला बंदी उठली आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास नवरा समुद्रावर गेला. पाण्याची कळशी परत वहिनीच्या कडेवर आली. आठवड्याभरात दुखणं सातावर. हे होणार हे कॅलेंडरवर छापलेलं होतं, आणि आम्ही कोणीच त्याची तयारी केली नव्हती. मी व्यायाम वाढवले असते तर तो दुसरा मूर्खपणा झाला असता. प्रश्न पाण्याचा होता.

सासूबाईंचे गुडघे पाखाडीला साथ देत नाहीत. शेवटी आशाताईंनी वाडीतल्या दोन कॉलेजच्या मुलांना धरलं, कॉलेजातून येताना एकेक हंडा वर आणायचा. त्यांना दर शनिवारी सासूबाईंच्या हातचे घावणे. ज्या दिवशी मुलं नसतील त्या दिवशी वहिनीने दोन हातांत दोन छोट्या बादल्या, अर्ध्या भरलेल्या, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा. कडेवर काही नाही.

गणपतीला तेहतिसावा आठवडा होता. कोकणातल्या घरात त्या दहा दिवसांत बाईचं काय होतं हे वेगळं लिहायला नको. मुंबईहून अकरा माणसं येणार होती. मी या वेळी आधी गेले, चतुर्थीच्या आठ दिवस अगोदर, आणि सासूबाईंशी एकटीने बोलले. त्यांना म्हटलं, काम कोणी कोणतं करायचं ते तुम्ही ठरवा, मी फक्त सांगते तिला काय दुखतं. उभं राहणं अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, खाली बसून उठणं नको, ओलं जड काही उचलणं नको. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मोदक वळूक तिचो हात बरो.

चतुर्थीला वहिनी बाकाशी बसून फक्त मोदक वळत होती. एकवीस नारळ मुंबईहून आलेल्या दोन दिरांनी त्या बाकावरच्या आडाळीवर खवले. गौरींच्या दिवशी मात्र ती हौसेने चार तास उभी राहिली, आणि त्या रात्री तिने पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली, मला फोन करून, उघडपणे. त्या पहिल्या भेटीनंतर ऑक्टोबरपर्यंत दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्या एकूण पाच.

बाळंतपण

छत्तिसाव्या आठवड्यात मी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाला एक चिठ्ठी जोडली: न दुखता दोन गुडघ्यांत किती अंतर पडतं ते टेपने मोजून लिहिलं, आणि कळांच्या वेळी पाय त्यापेक्षा जास्त फाकवू नयेत, शक्य तर डाव्या कुशीवर किंवा ओणवं राहू द्यावं. कळा सुरू असताना बाईला हे सांगायचं भान नसतं. तिच्या आईला मी पाठीच्या तळाशी मुठीने दाब कसा द्यायचा ते शिकवलं होतं. एकोणचाळिसाव्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिक बाळंतपण झालं. मुलगा, २ किलो ९०० ग्रॅम. तिथल्या सिस्टरने चिठ्ठी वाचली आणि पाळली, याचा मला मनापासून आनंद आहे. वहिनी नंतर म्हणाली, कळांपेक्षा आईची मूठ आठवते.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत आधी दिवस विचारेन. घर रस्त्यापासून किती पायऱ्यांवर, पाणी कोण आणतं, संडास कसा, मूल कोणत्या कडेवर. व्यायाम त्यानंतर. या प्रकरणात पहिले दोन आठवडे मी उलट क्रम लावून घालवले, आणि त्या दोन आठवड्यांत ती रोज रात्री दहा वेळा जागी झाली.

खलाशी, बागायतीतले मजूर, मुंबईला नोकरीला असलेले नवरे: आमच्याकडे पुरुष घरी असण्याचे महिने ठरलेले असतात. मदतीची घडी त्या तारखांवर बसवायला हवी. वहिनीच्या बाबतीत जूनमध्येच '१ ऑगस्टनंतर पाणी कोण?' हा प्रश्न कागदावर हवा होता.

आणि जुन्या दुखण्याच्या रुग्णाने नवं दुखणं सांगितलं तर ते नवीन रुग्णाचं समजून ऐकेन. ताप आहे का, दोन्ही पाय की एक, लघवी कशी, पाण्यात गेलीस का. फोनवर याची उत्तरं मिळाली नाहीत तर समोर पाहिल्याशिवाय सल्ला देणार नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली आता हे चार प्रश्न लिहिलेले आहेत, आशाताईंच्या अक्षरात.

एक गोष्ट अजून ठरवता आलेली नाही. पट्टा बाविसाव्या आठवड्यातच द्यायला हवा होता, की आधी दिवस बदलून बघायला हवं होतं? दोन्ही एकदम केल्याने कशाने किती फरक पडला ते सांगता येत नाही. दुखणाऱ्या बाईला त्याच्याशी देणंघेणं नाही, हेही खरं.

सध्या

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा ती मला भेटली. पुढच्या हाडाचं दुखणं सहा आठवड्यांतच गेलं होतं. मागे डावीकडे, वाकून काही उचललं तर अजून दोन-तीन इतकं दुखतं. डावा पाय उचलताना थोडा जड लागतो, पण दाबून धरावं लागत नाही. पट्टा बंद केला आहे. तीन व्यायाम चालू आहेत, आणि हात-गुडघ्यांवर ओणवं राहून पाय उचलण्याचा एक वाढवला आहे. बाळाला दूध पाजताना ती पुढे वाकून बसत होती, ते सुधारलं: पाठीला उशी, पायाखाली पाट, बाळ छातीपर्यंत वर.

मार्चमध्ये काजूच्या बिया वेचायला जायचं तिच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात एवढ्यात नको. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत तपासायचं ठरलं आहे, मग बघू.